दवंडी आणि चावडी

ऑनलाइन मंच चालवणारी कंपनी आपल्या लोकांशी मुख्यतः पाच प्रसंगी बोलते. काही बदलायचे असते तेव्हा, मत विचारायचे असते तेव्हा, काही बंद पडते तेव्हा, एखाद्यावर कारवाई होते तेव्हा, आणि मोबदला न घेता मंच सांभाळणाऱ्यांकडून काही हवे असते तेव्हा. प्रत्येक प्रसंगाची घाई वेगळी, भाषा वेगळी आणि चूक झाली तर मोजावी लागणारी किंमतही वेगळी. हे काम ज्यांच्याकडे असते त्यांना बहुतेक ठिकाणी कम्युनिटी मॅनेजर म्हणतात. कंपनीचे म्हणणे लोकांपर्यंत पोचवणे आणि लोकांचे म्हणणे कंपनीत नेऊन पोचवणे, एवढे ते काम. सांगायला सोपे, निभावायला अवघड.

या कामाच्या दोन बाजू दाखवणारे दोन जुने शब्द मराठीत तयार आहेत. ठरलेली गोष्ट गावाला कळवायची तर दवंडी पिटतात. ठरायच्या गोष्टीवर बोलायचे तर लोक चावडीवर जमतात. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने सार्वजनिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ हेच नाव दिले आहे. मंचाला दोन्हींची गरज असते. मध्यरात्री दोन तास सर्व्हर बंद राहणार असेल तर त्यावर चर्चा कशाला, दवंडी पुरते. घोटाळा होतो तो दवंडीलाच चावडी म्हटल्याने. या कामात चार-पाच वर्षे काढलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळलेली असते. लोक वाईट बातमी पचवतात. पण निर्णय आधीच झालेला असताना ‘तुमचे मत कळवा’ असे विचारले गेले, हे ते विसरत नाहीत.

बोलायचे कोणाशी, हा पहिला प्रश्न. कंपनीच्या तक्त्यांत सगळे ‘यूजर’ असतात, पण मंचावर त्यांचे थर असतात. सर्वांत मोठा थर नुसते पाहणाऱ्या-वाचणाऱ्यांचा. ते सहसा बोलत नाहीत, पटले नाही तर निघून जातात. दुसरा थर लिहिणाऱ्यांचा आणि फोटो-व्हिडिओ टाकणाऱ्यांचा. त्यांच्यातच तिसरा थर असतो, ज्याचे पोट मंचावर चालते. घरचे मसाले विकणारी बाई, पाककृती दाखवणारे जोडपे, दहावीचे गणित शिकवणारा मास्तर. चौथा आणि सर्वांत लहान थर मोबदला न घेता मंच सांभाळणाऱ्या मॉडरेटरांचा, विकिपीडियाच्या मराठीत प्रचालकांचा. एखादे बटण उजवीकडून डावीकडे गेले तर वाचणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. रोज शंभर नोंदी तपासणाऱ्या प्रचालकाच्या हाताचे मात्र वळण मोडते. म्हणून सूचनेचा मसुदा हाती घेण्याआधी, या बदलाने कोणाचा दिवस बिघडणार आहे, याची यादी करावी लागते. ती न करता लिहिलेली सूचना सरासरी माणसासाठी लिहिली जाते, आणि असा माणूस कोणत्याच मंचावर भेटत नाही.

पहिला प्रसंग बदलाच्या सूचनेचा. हा रोजचा प्रकार. ५ सप्टेंबर २००६ रोजी फेसबुकने न्यूज फीड सुरू केले. मित्राच्या पानावर जाऊन जे पाहावे लागत होते, ते आता प्रत्येकाच्या पहिल्या पानावर आपोआप येऊन पडू लागले. लोक चिडले. नवे असे काहीच उघड झालेले नाही, ज्यांना आधी दिसत होते त्यांनाच आताही दिसते, हे कंपनीचे पहिले उत्तर. ते तांत्रिक दृष्ट्या खरेही होते. पण चावडीच्या भिंतीवर लावलेला कागद आणि घरोघर नेऊन टाकलेला कागद, मजकूर तोच असला तरी, लोकांच्या लेखी एक नसतो. तीन दिवसांनी मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर पत्र लिहून चूक मान्य केली आणि आपले काय कोणाच्या फीडमध्ये जावे हे ठरवण्याची सोय दिली. न्यूज फीड टिकले, पुढे ते त्या मंचाचा कणाच झाले. बदल तोच राहिला आणि तरी राग निवळला, यातच कबुलीचे आणि सोयीचे मोल दिसते.

सूचना नीट लिहिली नाही तर काय होते, हे जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या बाबतीत भारतात घरोघर अनुभवाला आले. ॲप उघडताच नव्या अटींचा पडदा येऊ लागला. ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, असा त्याचा सूर होता. बदलाचा मुख्य भाग व्यापारी खात्यांशी होणाऱ्या संदेशांबाबत होता आणि दोन माणसांमधल्या खासगी संदेशांचे एन्क्रिप्शन तसेच राहणार होते. पण पडद्यावर ठळक दिसत होती ती तारीख आणि मान्यतेचे बटण. सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच अर्थ फिरला : आपले बोलणे आता फेसबुक वाचणार. लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे वळू लागले. कंपनीला भारतातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खुलासा करावा लागला आणि मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलावी लागली. अफवा आधी पोचली आणि खुलासा तिच्या मागून धावत राहिला. अशा पडद्याने पहिल्या दोन ओळींत दोन गोष्टी सांगायच्या असतात. तुमचे काय बदलते आहे आणि काय बदलत नाही. दुसरी ओळ पहिलीइतकीच महत्त्वाची, कारण भीती नेहमी त्या न लिहिलेल्या ओळीच्या जागी येऊन बसते.

ही ओळ गळते कुठे, हे आतून पाहिले की समजते. मसुदा प्रथम प्रॉडक्ट टीमकडे जातो. तिथे ‘आता अधिक चांगला अनुभव’ अशी भर पडते. मग तो लीगलकडे जातो आणि ‘बदलणार नाही’चे ‘बदलण्याचा सध्या विचार नाही’ होते. पॉलिसी टीम व्याख्या घालते. शेवटी भाषांतराला जातो तेव्हा मूळ सहा ओळींच्या वीस झालेल्या असतात आणि वाचणाऱ्याला हवे असलेले वाक्य तेराव्या ओळीत असते. प्रत्येकाने आपले काम नीटच केलेले असते. वाचणाऱ्याची बाजू घेऊन ‘हे वाक्य वर आणा’ म्हणणारे मात्र त्या साखळीत कोणी तरी असावे लागते. कम्युनिटी मॅनेजरच्या कामाचा मोठा भाग हा आतला आग्रहच असतो, आणि तो बाहेर कधी दिसत नाही.

दुसरा प्रसंग मत विचारण्याचा. फेसबुकने २००९ मध्ये अटींमधल्या बदलांवर सदस्यांचे मतदान घेण्याची पद्धत आणली. निकाल बंधनकारक व्हायचा तर सक्रिय सदस्यांपैकी ३० टक्क्यांनी मत द्यायला हवे होते. डिसेंबर २०१२ मध्ये ही मतदानाची पद्धतच रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. सुमारे ६ लाख ६८ हजार लोकांनी मत दिले आणि त्यांतल्या सुमारे ८८ टक्क्यांनी प्रस्तावाला विरोध केला. सदस्यसंख्या तेव्हा १०० कोटींवर पोचलेली होती, म्हणजे निकाल बंधनकारक व्हायला ३० कोटी मते लागली असती. विरोध नोंदवला गेला आणि पद्धत रद्द झाली. एवढ्या मोठ्या मंचावर सरसकट मतदान चालणे अवघडच होते. पण जी अट कधी पुरी होण्यासारखी नव्हती ती घालून दिलेला अधिकार लोकांना अधिकार वाटला नाही. त्यापेक्षा ‘आम्ही ठरवू, तुमचे ऐकून ठरवू’ असे सरळ सांगितलेले लोकांना अधिक मानवते.

विकिपीडियाचा अनुभव याच्या पुढे जातो. विकिपीडिया चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे आणि मजकूर सारा स्वयंसेवकांचा. तरीही सॉफ्टवेअर कोणी ठरवायचे हा वाद तिथेही पेटला. जुलै २०१३ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर व्हिज्युअल एडिटर हा संपादनाचा नवा पर्याय सर्व सदस्यांपुढे ठेवण्यात आला. त्यात दोष बरेच होते, आणि सप्टेंबरपर्यंत तिथल्या समुदायाने तो मागे सारून ज्याला हवा त्यानेच निवडावा अशी व्यवस्था केली. ऑगस्ट २०१४ मध्ये जर्मन विकिपीडियावर चित्रे दाखवणाऱ्या मीडिया व्ह्यूअरवरून ठिणगी पडली. तो आपोआप चालू नसावा असा कौल तिथल्या सदस्यांनी दिला. तो अमलात येऊ नये म्हणून फाउंडेशनने ‘सुपरप्रोटेक्ट’ नावाचे नवे कुलूप आणले. प्रचालकांनाही ते उघडता येत नव्हते. निषेधपत्रावर शेकडो सह्या झाल्या. नोव्हेंबर २०१५ मध्ये हे कुलूप काढून टाकण्यात आले. पानांवर ते वर्षभर जवळजवळ वापरातही नव्हते, पण ते अस्तित्वात आहे एवढ्यानेच प्रत्येक संवादात संशय मिसळत होता. त्याच वर्षी सदस्यांनी तांत्रिक मागण्या मांडाव्यात आणि त्यांवर मते द्यावीत अशी इच्छासूची सुरू झाली. आठवड्याच्या तांत्रिक बदलांचे छोटे वार्तापत्र तर आधीपासून अनेक भाषांत निघत होते. विश्वास परत आणायला याच कंटाळवाण्या, नियमित गोष्टी उपयोगी पडतात.

या साऱ्यातून कामाचा एक साधा नियम निघतो. मत मागणाऱ्या प्रत्येक सूचनेत तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात. काय ठरले आहे, काय ठरायचे आहे आणि ते कोण, कधी ठरवणार आहे. पहिल्या भागावर राग येईल, तो येऊ द्यावा. दुसरा भाग मोकळा ठेवला असेल तर लोक तिथे मनापासून मदत करतात. आणि दुसरा भाग रिकामाच असेल तर मत मागू नये.

तिसरा प्रसंग बिघाडाचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांच्या मंचावर रात्री उशिरा काम करणाऱ्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली. सुमारे ३०० जीबीचा डेटा पुसला जाऊ लागला. थांबवेपर्यंत साडेचार जीबीच्या आसपास उरला. बॅकअपच्या एकाहून अधिक तजविजी होत्या, पण ऐन वेळी त्या कामी आल्या नाहीत. हाताशी आली ती काही तास आधी सहज घेतलेली एक प्रत. त्या मधल्या सुमारे सहा तासांतल्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने तेव्हा जे केले ते या व्यवसायात आजही शिकवण्यासारखे आहे. दुरुस्तीच्या आतल्या नोंदींचे कागद तिने सर्वांना वाचायला खुले केले आणि दुरुस्तीचे काम यूट्यूबवर थेट दाखवले. हजारो लोक ते पाहत बसले. नंतरच्या अहवालात तिने चूक करणाऱ्याचे नाव न घेता दोष व्यवस्थेचा होता हे कारणांसह लिहिले. नुकसान होऊनही त्या दिवशी रागापेक्षा धीर देणारे संदेश जास्त दिसले.

बिघाडात लोकांना प्रथम हवी असते ती कबुली. ‘आम्हाला कळले आहे’ एवढे वाक्य पहिल्या काही मिनिटांत गेले की निम्म्या तक्रारी येतच नाहीत. नाही तर प्रत्येक जण आपलाच फोन बिघडला समजून तो बंद-चालू करत राहतो. दुसरी हवी असते ती पुढच्या निरोपाची वेळ. कारण सापडले नसले तरी ‘पुढची माहिती साडेचारला’ असे सांगता येते, आणि साडेचारला नवे काही नसले तरी ‘अजून शोध चालू आहे’ हे सांगायला हजर राहावे लागते. तिसरी गोष्ट जागेची. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास एकदम बंद पडले तेव्हा कंपनीला आपले म्हणणे ट्विटरवर मांडावे लागले. स्वतःच्याच इमारतीतला भोंगा इमारतीची वीज गेल्यावर वाजत नाही. म्हणून सेवा चालू आहे की बंद हे सांगणारे स्टेटस पेज वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात.

चौथा प्रसंग एकट्या माणसाचा, आणि तोच सर्वांत नाजूक. मंचावरून मजकूर काढला किंवा खाते थांबवले तर त्याला कळवायचे कसे? पाककृती दाखवणाऱ्या एखाद्या बाईंचे उदाहरण घ्यावे. सकाळी फोन उघडला तर निरोप दिसतो : ‘आपल्या मजकुराद्वारे समुदाय मार्गदर्शक तत्त्वांचे उल्लंघन झाल्याचे आढळून आले असून आपल्या खात्यावर निर्बंध लादण्यात आले आहेत.’ कोणता मजकूर? कोणते तत्त्व? कोणाला आढळले? निर्बंध किती दिवस? एकही उत्तर त्यात नाही. बाई चाळीस व्हिडिओ पुन्हा पाहतात, भीतीने दहा स्वतःच काढून टाकतात आणि मग तक्रार लिहितात : ‘साहेब, माझे काय चुकले ते सांगा, मी परत करणार नाही.’ मराठीतल्या तक्रारी तपासणाऱ्यांना या सुराची पत्रे ओळखीची असतात. त्यांतली लाचारी त्या टेम्प्लेटने निर्माण केलेली असते.

तोच निरोप असाही लिहिता येतो : ‘पुरणपोळीचा तुमचा १४ मार्चचा व्हिडिओ आम्ही काढला आहे. त्यात १ मिनिट २० सेकंदांपासून वाजणाऱ्या गाण्याच्या मालकाने हक्काची तक्रार केली आहे. बाकीचे व्हिडिओ आणि खाते चालू आहे. गाणे काढून व्हिडिओ पुन्हा टाकता येईल. गाणे वापरायची परवानगी तुमच्याकडे असेल तर इथे कळवा, माणूस तपासून सात दिवसांत उत्तर देईल.’ शब्द थोडे वाढले, पण चाळीस व्हिडिओंची भीती एका व्हिडिओवर आली. काय झाले, का झाले, काय शाबूत आहे आणि आता काय करता येईल, हे क्रमाने आले की बाईंना विनवणी करावी लागत नाही. त्या दाद मागू शकतात.

हे आता केवळ सौजन्यावर सोडलेले नाही. २०१८ मध्ये नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि अभ्यासकांनी मांडलेल्या सांता क्लारा तत्त्वांनी आकडेवारी, सूचना आणि अपील या तीन गोष्टी मागितल्या. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मंचांना तक्रार निवारण अधिकारी नेमायला लावले, २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल अशी मुदत घातली, आणि ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत सदस्य असलेल्या समाजमाध्यमांना दरमहा अहवाल देणे बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने सरकारी अपील समित्यांची वाट उघडली. मराठी वाचकाच्या दृष्टीने त्याच दुरुस्तीतली एक तरतूद मोलाची आहे. मंचाने आपले नियम इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, वापरणाऱ्याला हव्या त्या भाषेत कळवावेत, असे ती सांगते. मराठी त्या अनुसूचीत आहे. युरोपीय संघाच्या डिजिटल सेवा कायद्यानेही प्रत्येक निर्बंधाचे स्पष्ट, विशिष्ट कारण देणे सक्तीचे केले. तो फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला.

पण मराठीत कळवले म्हणजे मराठी माणसाला कळले असे होत नाही. ‘रिपोर्ट’चे ‘अहवाल द्या’ झाले तर बटण कशाचे ते समजत नाही. तिथे ‘तक्रार करा’ हवे. ‘कम्युनिटी’ला ‘समाज’ म्हटले तर बोलण्यातल्या सवयीने त्याचा अर्थ जात असा घेतला जातो आणि ‘समाजाचे नियम’ भलतीकडेच जातात. म्हणून ‘समुदाय’ शब्द जड वाटला तरी ठेवावा लागतो. ‘काढला जाऊ शकतो’ या रचनेत व्हिडिओ गेला, जाणार आहे की वाचला, हे कळत नाही. सर्वांत घातक क्रियापद ‘करण्यात आले आहे’. सरकारी परिपत्रकांतून आलेल्या या प्रयोगात कर्ता गायब होतो. ‘खाते बंद करण्यात आले आहे’ म्हणजे बंद कोणी केले, यंत्राने की माणसाने? ‘आम्ही बंद केले आहे’ असे लिहिले की जबाबदारी घेतली जाते आणि वाचणाऱ्याला समोर कोणी तरी असल्यासारखे वाटते. वेळांचेही तसेच. कॅलिफोर्नियातली हिवाळ्यातली दुपारी बाराची वेळ भारतात मध्यरात्र उलटून दीडची असते, म्हणजे तारीखही पुढची. ‘१० तारखेला बारा वाजता’ असे जसेच्या तसे भाषांतर झाले तर इथली माणसे चुकीच्या दिवशी तयारी करून बसतात.

पाचवा प्रसंग मॉडरेटरांचा. ते पगार घेत नाहीत. त्यामुळे त्यांना आदेश देता येत नाही, आणि त्यांच्याशिवाय मंच चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये रेडिट या चर्चामंचाने आपला डेटा बाहेरच्या ॲपना विकत देण्याचे जाहीर केले. महिन्या-दीड महिन्याने दर समजले, ते अनेक ॲपना परवडणारे नव्हते, आणि दर लागू व्हायला तेव्हा साधारण महिनाच उरला होता. कित्येक मॉडरेटर याच ॲपमधून काम करत. अंध सदस्यांचीही त्यांवर भिस्त होती. १२ जूनपासून ८ हजारांहून अधिक विभाग दोन दिवस बंद ठेवले गेले. डेटाला किंमत लावू नये असे म्हणणारे त्यांत थोडे होते. बहुतेकांची मागणी वेळ मिळावा आणि दरावर बोलणे व्हावे, अशी होती. कंपनीने अंधांसाठीच्या आणि मॉडरेटरांच्या काही साधनांना सूट दिली, दर मात्र कायम ठेवले. या थराशी बोलताना बातमी सर्वांच्या आधी, कारणांसह आणि त्यांच्या कामाचे गणित मांडून द्यावी लागते. स्वतः सांभाळत असलेल्या घराची बातमी रस्त्यावर ऐकायला मिळाली की कोणालाही ते घर परके वाटते.

या पाचही प्रसंगांत मधला माणूस दोन्हीकडून ओढला जातो. बाहेरच्यांना तो कंपनीचा वाटतो आणि आतल्यांना लोकांचा. बाहेरचा संताप आत नेताना तो जसाच्या तसा नेऊन चालत नाही. दोनशे प्रतिक्रिया वाचून त्यांतल्या तीन अडचणी वेगळ्या काढाव्या लागतात, प्रत्येकीसमोर एक खरे उदाहरण ठेवावे लागते, आणि शिवीगाळीत दडलेला रास्त मुद्दा वाया जाऊ द्यायचा नसतो. आत निर्णय बदलला नाही तर तो का बदलला नाही हे मागून घ्यावे लागते, कारण बाहेर विचारणारे थांबलेले असतात. जे अजून ठरलेले नाही त्याचे आश्वासन देण्याचा मोह रोज होतो. तो आवरणे हे या कामातले सर्वांत कठीण शिक्षण.

आणि शेवटचे काम बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. चर्चा होते, मते येतात, बदल लागू होतो आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना त्याचे काय झाले ते कोणी सांगत नाही. म्हणून बदल लागू झाल्यावर महिन्याभरात त्याच पानावर, त्याच चर्चेखाली एक छोटी नोंद टाकावी : तुम्ही अमुक इतक्या सूचना केल्या, त्यांतल्या या घेतल्या, या घेतल्या नाहीत, आणि न घेण्याचे कारण हे. ही नोंद लिहायला तासभर लागतो. पुढच्या वेळी मत मागितले की लोक ती शोधून वाचतात आणि मगच लिहायला बसतात.